धापेची नोंद : पाचगणी, मिरज आणि चुलीपुढचे हृदय

धागा लांबणार आहे, म्हणून विषय आरंभीच सांगणे बरे. जुनाट फुप्फुसविकार असलेल्या माणसाच्या फुप्फुसातील रक्तदाब वाढतो, आणि शेवटी तो माणूस फुप्फुसाने नव्हे तर थकलेल्या हृदयाने जातो. या व्याधीचा सातारा-सांगलीच्या अंगाने मागोवा घ्यायचा आहे. क्षयाचा इतिहास या भागात पुष्कळ सांगितला जातो. पाचगणीची हवा, मिरजेचे मिशन हॉस्पिटल, वानलेसवाडी ही नावे सर्वांच्या ओळखीची आहेत. त्या इतिहासाच्या आड जे दडून राहिले, त्याविषयी हे लेखन.

ब्रिटिश अमदानीत गावात कोणी दगावले की त्याची वर्दी गावकामगारांमार्फत वर जात असे. मृत्यूच्या कारणांचे रकाने ठरलेले होते : पटकी, देवी, ताप, हगवण-अतिसार, इजा-अपघात, आणि राहिलेले सर्व ‘इतर कारणे’. पुढे त्यांत प्लेगची भर पडली, श्वसनविकारांचा वेगळा रकानाही निघाला. पण नोंद करणारा वैद्य नव्हता. रोगी तापला होता की नव्हता, एवढेच त्याला ठाऊक. आता अशी एक स्त्री डोळ्यांपुढे आणा. चार पावसाळे तिला खोकला आहे. पुढे पाण्याची घागर घेऊन ओटा चढताना धाप लागू लागते. मग पावले सुजतात, सूज पोटऱ्यांवर चढते, पोटात पाणी होते, उताणे निजणे अशक्य होते. आणि एके पहाटे ती जाते. तिची नोंद कोणत्या रकान्यात करणार? ताप नव्हता, पटकी नव्हती. खोकला जुना होता, त्यामुळे तो कुणी सांगितलाही नसेल. ती ‘इतर कारणां’त गेली, असे धरून चालण्यास हरकत नाही.

भूगोलाचा एक खुलासा. आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आहेत. स्वातंत्र्यापूर्वी पाचगणी, वाई, कऱ्हाड हा भाग ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होता, तर सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णेच्या एकाच खोऱ्याचे हे वरचे आणि खालचे टोक. वरच्या टोकाला डोंगरावर एक आरोग्यस्थान उभे राहिले, खालच्या टोकाला सपाटीवर दुसरे. ही उंचीची तफावत पुढे कामी येणार आहे.

आधी व्याधीचे गणित. हृदय हे खरे म्हणजे एका भिंतीने जोडलेले दोन पंप आहेत. डावा पंप डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त पोहोचवतो. त्याचा सरासरी दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून मोजतात तो हाच. उजवा पंप रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांत पाठवतो. तेथील सरासरी दाब निरोगी माणसात १४ मिलिमीटरच्या जवळपास असतो, म्हणजे डाव्या बाजूच्या सहाव्या हिश्श्याइतका. काम हलके, म्हणून उजव्या कप्प्याची भिंतही पातळ. दंडाचा पट्टा या उजव्या बाजूविषयी काहीही सांगत नाही. ‘माझे बीपी नॉर्मल आहे’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांतील दाब दुप्पट झालेला असू शकतो.

हा दाब का वाढतो? कृष्णाकाठच्या वाचकाला हे समजावणे सोपे आहे, कारण रात्रीच्या पाळीला उसाची दारे धरणारा माणूस त्याने पाहिलेला असतो. पाटाचे पाणी ज्या वाफ्यात पीक नाही तिकडे जाऊ द्यायचे नाही, तिकडचे दार मातीने बंद करायचे आणि पाणी पिकाच्या वाफ्यात वळवायचे. फुप्फुस अगदी हेच करते. ज्या भागात हवा पोहोचत नाही, तेथील बारीक धमन्या आपोआप आवळतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळते. एखादा कोपरा बिघडला असेल तर ही व्यवस्था फार शहाणपणाची आहे. पण सगळ्याच वाफ्यांत हवा कमी पडू लागली, तर सगळीच दारे बंद होऊ लागतात. पाट तुंबतो. वर्षानुवर्षे असेच राहिले की धमन्यांच्या भिंती जाड होतात, आणि मग दारे उघडू म्हटले तरी पुरती उघडत नाहीत. त्यात क्षयाने किंवा धुराने फुप्फुसाचा काही भाग नाहीसाच झालेला असेल तर वाफ्यांची संख्याच घटलेली. पातळ भिंतीचा उजवा कप्पा या तुंबलेल्या पाटावर जोर लावत राहतो, जाड होतो, फुगतो, आणि एक दिवस हार मानतो. मागे साचलेले रक्त मग पायांत, यकृतात, पोटात पाणी उतरवते. वैद्यकात याला लॅटिन नाव आहे ‘कॉर पल्मोनाले’. अर्थ एवढाच की फुप्फुसामुळे बिघडलेले हृदय.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकात श्वासरोगाचे वर्णन बारीक आहे. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार दिले आहेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. त्यांतला तमकश्वास आजच्या दम्याच्या जवळ जातो. सुजेचा, म्हणजे शोथाचा, विचार तेथे वेगळ्या प्रकरणात आहे. बोलीतही हीच विभागणी दिसते. धाप हा एक आजार, अंगावर सूज हा दुसरा. पहिल्यावर काढा, दुसऱ्यावर पथ्य. एकाच साखळीच्या या दोन कड्या आहेत हे समजायला जिवंत माणसाच्या फुप्फुसातील दाब मोजता येणे आवश्यक होते, आणि ते जगात कुठेच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शक्य नव्हते. तेव्हा वैद्यांना दोष देण्याचे कारण नाही.

आता डोंगरावर जाऊ. पाचगणी वसवण्याचे श्रेय जॉन चेसन या इंग्रजाला दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो येथे स्थिरावला, त्याने सिल्व्हर ओक आणि इतर परदेशी झाडे लावली. त्याची कबर तेथील सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे. महाबळेश्वर जवळ असूनही तेथे पावसाळ्यात राहणे जिकिरीचे होते. पाचगणीला पाऊस त्या मानाने पुष्कळ कमी, त्यामुळे बारमाही राहता येई. अशक्त, खोकणारी, तापाने खंगलेली माणसे वाईहून पसरणीचा घाट चढून वर येऊ लागली. त्या हवेवर डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया या मुंबईच्या पारशी डॉक्टरांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. ‘बेल-एअर’ या नावाने ते पुढे रेडक्रॉसकडे आले आणि आजही रुग्णालय म्हणून उभे आहे.

क्षयी माणसाला डोंगरावर नेण्याची ही कल्पना आली कोठून? तिच्या मुळाशी एक विलक्षण चूक आहे, आणि ती चूक हृदयाविषयीची आहे. सायलेशियातील ग्योर्बर्सडोर्फ येथे (हे गाव आज पोलंडमध्ये आहे) हर्मान ब्रेमर या डॉक्टरने १८५० च्या दशकात युरोपातले पहिले नावाजलेले क्षय-आरोग्यधाम सुरू केले. ब्रेमरचा सिद्धान्त असा की क्षयी माणसाचे हृदय फुप्फुसांच्या मानाने लहान आणि दुबळे असते, म्हणून फुप्फुसांचे पोषण होत नाही. डोंगरावर विरळ हवेत हृदय जोराने चालते, बळकट होते, आणि रोग हटतो. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने शोधला आणि ब्रेमरच्या सिद्धान्ताचा पाया निखळला. पण डोंगराची सवय गेली नाही. दावोसला तिचे मंदिर झाले. भारतात १९०६ पासून अजमेरजवळ तिलौनिया, मग अल्मोडा, धरमपूर, भवाली अशी आरोग्यधामे निघाली. पाचगणी त्याच माळेतला मणी. मौजेची गोष्ट अशी की ब्रेमरचे ग्योर्बर्सडोर्फ स्वतः फारसे उंच नव्हते. ते मिरजेच्या पातळीच्या जवळपासचे गाव.

पाचगणीची उंची सुमारे १,३०० मीटर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७६० ऐवजी ६५० मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मुंबईपेक्षा सुमारे एक-सप्तमांश कमी प्राणवायू. निरोगी माणसाला, मुलांना, शाळांच्या सहलींना याचा पत्ताही लागत नाही. पाचगणी म्हणजे लेह नव्हे, आणि तेथे गेलेल्या सगळ्यांचेच नुकसान झाले असे कुणी म्हणू नये. स्वच्छ हवा, पुरेसे अन्न, सक्तीची विश्रांती यांनी अनेकांना हात दिला. विश्रांतीत प्राणवायूची गरजही घटते. पण ज्याचे एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले आहे आणि दुसरे काठावर चालले आहे, त्याच्यासाठी हा सातवा हिस्सा क्षुल्लक नसतो. अशा माणसाला हृदय बळकट व्हावे म्हणून घाट चढवून न्यायचे, आणि तेथे त्याच्या फुप्फुसातील दारे आणखी थोडी आवळायची, असा हा व्यवहार होता. तो अजाणतेपणी झाला. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवर प्रयोग करून प्राणवायू कमी होताच फुप्फुसधमन्यांतील दाब वाढतो, हे १९४६ मध्ये दाखवले. तोवर बेल-एअर चौतीस वर्षांचे झाले होते.

खोऱ्याच्या खालच्या टोकाला मिरज. कॅनडात जन्मलेले विल्यम जेम्स वानलेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेचे रुग्णालय उभे केले. त्यांच्या शस्त्रक्रियांची ख्याती दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकभर पसरली. मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने लांबलांबचा रोगी तेथे उतरू शकत होता. मिरजेला वैद्यकाची पंढरी बनवण्यात रेल्वेचा वाटा डॉक्टरांइतकाच मानायला हवा. वानलेस यांना १९२८ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १९३३ मध्ये ते वारले. १९२० च्या सुमारास मिरज-सांगलीच्या दरम्यान त्यांच्या संस्थेने क्षय-आरोग्यधाम काढले. त्या वस्तीचे नाव वानलेसवाडी. येथे डोंगर नव्हता, घाट नव्हता, उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. जातिवंत आरोग्यधामाच्या युरोपीय कल्पनेत ही जागा बसत नव्हती. रोगी जेथे आहेत तेथे दवाखाना, एवढाच तिचा हिशेब. मला हा हिशेब पाचगणीच्या हिशेबापेक्षा जास्त पटतो, आणि त्याचे कारण फक्त प्राणवायू नाही. बैलगाडीने स्टेशन गाठणाऱ्या कुळवाड्याला मिरज परवडत होते.

औषध मात्र दोन्हीकडे नव्हते. म्हणून त्या काळच्या क्षय-आरोग्यधामांत जगभर एक उपाय रूढ झाला : बाधित फुप्फुस मिटवून टाकायचे. छातीत सुईने हवा भरून ते दाबायचे, आणि तेवढ्याने भागले नाही तर एका बाजूच्या सात-आठ फासळ्या काढून छातीची ती बाजू कायमची आत बसवायची. मिटलेल्या फुप्फुसात जंतू गुदमरतो, व्रण भरतो. कित्येक जीव याने वाचले. पण वाफ्यांचे गणित आठवा : अर्धे शेत कायमचे बंद केल्यावर पाटाचे सारे पाणी उरलेल्या अर्ध्यातून जायचे. अशा शस्त्रक्रियेनंतर क्षयमुक्त झालेले काही रोगी वीस-तीस वर्षांनी धाप आणि सूज घेऊन परत येत, आणि तेव्हा समोर बसलेल्या तरुण डॉक्टरला ती शस्त्रक्रिया फक्त पुस्तकात वाचून ठाऊक असे.

ही साखळी उघड झाली ती एका आडदांड प्रयोगामुळे. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे व्हेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरने वरिष्ठांचा नकार धुडकावून स्वतःच्या दंडाच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर लांब रबरी नळी थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात सरकवली, आणि ती तशीच ठेवून तो जिना उतरून क्ष-किरण खोलीत छायाचित्र काढायला गेला. त्याची वाहवा झाली नाही. तो पुढे मूत्ररोगांकडे वळला. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी तीच नळी जरा पुढे, फुप्फुसधमनीपर्यंत नेली आणि जुनाट फुप्फुसविकार असलेल्या रोग्यांतील दाब प्रत्यक्ष मोजला. तिघांना १९५६ चे नोबेल मिळाले. धाप आणि सूज यांमधली हरवलेली कडी आता आकड्यांत दिसू लागली.

नेमक्या याच वर्षांत क्षयाचे चित्र पालटत होते. स्ट्रेप्टोमायसिन १९४४ मध्ये जाहीर झाले, आयसोनायझिड १९५२ मध्ये. मद्रासला १९५६ पासून एक चाचणी सुरू झाली : गरीब क्षयरोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवून, तर काहींना त्यांच्या कोंदट घरांतच ठेवून तीच औषधे एक वर्ष दिली. १९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. घरी राहणारे, कमी खाणारे आणि जास्त कष्ट करणारे रोगीही आरोग्यधामातील रोग्यांइतकेच बरे झाले होते. आरोग्यधामांचे युग या निकालाने संपवले. राष्ट्रीय क्षयनियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये आला, आणि त्याच वर्षी मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

कार्यक्रमाच्या दृष्टीने रोगी दोनच प्रकारचे : ज्याच्या थुंकीत जंतू आहेत तो, आणि ज्याच्या थुंकीत नाहीत तो. दुसऱ्या गटात गेलेला माणूस ‘बरा झाला’ म्हणून नोंदवहीतून उतरे. साथीच्या दृष्टीने हे बरोबर आहे, कारण तो आता दुसऱ्याला रोग देत नाही. पण व्रण भरून आलेले फुप्फुस म्हणजे पूर्वीचे फुप्फुस नव्हे. आखडलेले, ओढलेले, पोकळ्या राहिलेले ते फुप्फुस पुढची तीस वर्षे चालवायचे असते. त्या तीस वर्षांसाठी वही नव्हती. जंतूचा इतिहास जेथे सुफळ संपूर्ण होतो, तेथून हृदयाचा इतिहास सुरू होतो, असा हा प्रकार.

आणि ज्यांना क्षय कधी झालाच नाही, त्यांचे काय? येथे दिल्लीला जाऊन यावे लागेल. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांचा जन्म १९१७ मध्ये ब्रह्मदेशात झाला. १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे त्यांना देश सोडावा लागला. पुढे अमेरिकेत हेलन टॉसिग आणि पॉल डडली व्हाइट यांच्या हाताखाली हृदयरोगशास्त्र शिकून त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आल्या. हे स्त्रियांचे रुग्णालय. फोर्समानची ती नळी त्यांनी येथे वापरात आणली. धूम्रपान करणारा उतारवयाचा पुरुष, हे फुप्फुसामुळे हृदय बिघडलेल्या रोग्याचे पाश्चात्त्य पुस्तकांतील ठरीव चित्र. पद्मावतींच्या समोर मात्र स्त्रियांची रांग होती. १९५९ मध्ये त्यांनी आणि पाठक यांनी दिल्लीतील १२७ रोग्यांचा अभ्यास ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकन नियतकालिकात छापला. पुढच्या अभ्यासांतूनही हेच ठळक झाले : दिल्लीत हा विकार स्त्रियांत आणि पुरुषांत सारखाच आढळतो, आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया तर थोड्याच. मग त्यांच्या फुप्फुसांना काय झाले? पद्मावतींचे बोट लहानपणापासून शेणी-लाकडाच्या चुलीपुढे गेलेल्या वर्षांकडे वळले. जागतिक आरोग्य संघटनेने या विकाराची व्याख्या १९६३ च्या अहवालात पक्की केली. त्याच्या आधीच दिल्लीतल्या एका डॉक्टर बाईंनी त्याला स्वयंपाकघराचा पत्ता दिला होता. पद्मावती १०३ वर्षे जगल्या आणि २०२० मध्ये कोविडने गेल्या.

तो पत्ता घेऊन आपल्या खोऱ्यात परतले की कोणत्याही नकाशाची गरज राहत नाही. पाटण, जावळी, शिराळा हा मुसळधार पावसाचा पट्टा. चार महिने लाकूड ओले, दारे-खिडक्या मिटलेल्या, जनावरे घरातच, आणि पेटता पेटत नाही अशी चूल. फुंकणीने फुंकर घालायची म्हणजे तोंड धुराच्या उगमाजवळ न्यायचे, आणि फुंकल्यानंतरचा खोल श्वास तेथेच घ्यायचा. फुप्फुसात धूर भरण्यासाठी याहून नेमके साधन मुद्दाम शोधूनही सापडले नसते. पूर्वेकडे जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या मुलखात लाकूडच दुर्मीळ. तेथे तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचे काटूक, आणि शेणी. शेणी सर्वांत स्वस्त आणि धुराला सर्वांत भारी. मधल्या ऊसपट्ट्यात चिपाड आणि पाचट. गुऱ्हाळाच्या चुलवाणात दिवसभर चिपाड लोटणारा माणूस निदान उघड्यावर, हंगामापुरता आणि मजुरीवर काम करतो. घरातली चूल बारमाही, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि सात-आठ वर्षांच्या वयापासून.

यात आणखी एक आडवी गोष्ट आहे. प्राणवायू फार कमी झाला की ओठ-नखे निळी पडतात, आणि डॉक्टर सावध होतो. पण निळेपण दिसायला रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन असावे लागते. ज्या स्त्रीच्या अंगात रक्तच कमी, तिचे ओठ निळे न पडता फिकट दिसतात. पंडुरोग आपली खूण तर देतोच, वर प्राणवायूची खूण झाकूनही टाकतो. मग ‘अशक्तपणा’ असे निदान होते, आणि लोहाच्या गोळ्या मिळतात.

चुलीचा धूर काढण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. वर्ध्याच्या ग्रामोद्योग चळवळीतून १९४७ मध्ये ‘मगन चूल’ निघाली, धुराड्याची, सुटसुटीत. १९५३ मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी धूरविरहित चुलीचा नमुना मांडला. १९८० च्या दशकात केंद्राचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने, जिचे फलटणलाही केंद्र होते, ‘लक्ष्मी’ चुलीसारखे नमुने कुंभारांच्या हाती दिले. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्राबद्दल या संस्थेला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पण या योजनांची भाषा वाचली की एक गोष्ट खटकते. बहुतेक ठिकाणी कैवार सरपणाचा आणि जंगलाचा आहे. लाकूड किती वाचले याचा हिशेब आधी, बाईच्या छातीचा नंतर. धुराडे काजळीने तुंबले, चूल तडकली, आणि ती दुरुस्त करायला कोणी आले नाही, की जुनी चूल पुन्हा पेटे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी घरोघर नेली. टाकी पुन्हा भरायला लागणारा पैसा मात्र घरचा. म्हणून आजही चहा गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचे पाणी चुलीवर, ही वाटणी अनेक घरांत दिसते. भाकरीची चव हा त्यातला खोटा बहाणा नाही. पण टाकी फुकट भरून मिळाली असती तर तो बहाणा किती दिवस टिकला असता, हाही प्रश्नच.

उपचाराच्या बाजूने एकच मोठी घटना सांगतो. १९८० मध्ये अमेरिकेतून आणि १९८१ मध्ये ब्रिटनमधून दोन चाचण्यांचे निकाल आले. ब्रिटनच्या चाचणीत जुनाट फुप्फुसविकाराचे, रक्तातील प्राणवायू घटलेले ८७ रोगी होते. निम्म्यांना दिवसातले किमान १५ तास प्राणवायू दिला, बाकीच्यांना नाही. पाच वर्षांत प्राणवायू मिळालेल्या ४२ पैकी १९ दगावले, न मिळालेल्या ४५ पैकी ३०. आवळलेली दारे हवा दिली की थोडी सैल होतात, ही १९४६ च्या मांजरांची गोष्ट आता माणसांच्या आयुर्मानात उतरली. गोळ्यांनी हा दाब उतरवण्याचे प्रयत्न त्यानंतर बरेच झाले, पण फुप्फुसविकारामुळे वाढलेल्या दाबावर त्यांचे यश तुटपुंजे राहिले. काही औषधांनी तर अपायच केला. आजही मुख्य आधार मूळ फुप्फुसाचा उपचार, धूर-तंबाखू बंद, आणि ज्याला गरज आहे त्याला प्राणवायू.

दिवसाचे १५ तास. हे वाक्य लंडनमध्ये आणि विट्याजवळच्या वाडीत सारखे ऐकू येत नाही. घरी प्राणवायू देणारे यंत्र विजेवर चालते. २००५ नंतरच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन दिवसाचे अनेक तास चालत असे, आणि लोक त्याच्या वेळा तोंडपाठ करत. शेतीपंपासाठी रात्री जागणारे घर त्याच विजेवर प्राणवायूचे यंत्र कसे चालवणार? कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, ही यंत्रे पहिल्यांदाच गावोगाव पोहोचली. लाट ओसरल्यावर त्यांतली किती जुन्या धापेच्या रोग्यांकडे वळवावीत, हा विचार फारसा कुठे झालेला दिसला नाही.

निदान आता अवघड नाही. हृदयाची सोनोग्राफी, जिला सगळे ‘टू-डी इको’ म्हणतात, मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा येथे सहज होते आणि उजव्या बाजूच्या दाबाचा अंदाज देते. नळी घालून पक्के मोजमाप मोठ्या रुग्णालयांत होते. व्याख्याही बदलली. १९७३ पासून सरासरी दाब २५ च्या वर गेला तर तो वाढलेला मानत. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी ही रेघ २० वर आणण्याची शिफारस केली. म्हणजे काल निरोगी गणले गेलेले काही रोगी आज त्या रेघेच्या पलीकडे उभे आहेत.

आरंभीच्या रकान्यांकडे परत येऊ. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली आलेल्या नमुन्यांत मृत्यूचे वैद्यकीय कारण साखळीने लिहायला जागा आहे : तात्काळ कारण, त्याच्या आधीचे कारण, त्याच्याही आधीचे मूळ कारण. कॉर पल्मोनाले लिहिण्यासाठी याहून सोयीची मांडणी नाही. पण हे प्रमाणपत्र डॉक्टर देतो तेव्हा. घरी झालेल्या मृत्यूचे कारण अजून बहुधा नातेवाईकच सांगतात. त्याखेरीज १९९९ च्या नमुना नियमांतील मृत्यू-अहवालाच्या अर्जात मृताच्या सवयींची विचारणा आहे. धूम्रपान करत होता का, किती वर्षे. तंबाखू खात होता का, किती वर्षे. सुपारी, किती वर्षे. मद्य, किती वर्षे. चार प्रश्न, चौकटींसह. कऱ्हाडच्या तंबाखूवाल्या म्हाताऱ्याची चाळीस वर्षे तेथे बसतात. चुलीपुढची पन्नास वर्षे विचारणारी चौकट त्या अर्जात नाही.